हळूची बाजू

माझ्या हातातल्या काठीला दोन तोंडं:
एकावर थांबा, दुसऱ्यावर हळू.
एप्रिलभर मी ती फिरवते
आणि विनिपेग माझं ऐकतं,
निदान विनिपेगचा तेवढा भाग,
जो कामाला उशिरा निघालाय.

हिवाळ्यात काही कळत नाही.
बर्फाखाली सगळे रस्ते सारखेच शहाणे.
मग दिवसा वितळतं, रात्री गोठतं,
भेगेत शिरलेलं पाणी फुगतं, परत पाणी होतं,
आणि एका सकाळी एल्गिन अव्हेन्यूवर
बसचं चाक अर्धं खाली जातं,
बोलता बोलता एखाद्या म्हाताऱ्याला
समोरच्याचं नाव आठवू नये, तसं.

आमचा ट्रक पहाटे भरून निघतो.
डांबर दीडशे अंशांवर, बाहेर उणे दोन.
ओरेस्ट म्हणतो, डांबर म्हणजे राग,
गरम आहे तोवर काम करून घ्यावं.
बेनिग्नो खड्ड्याच्या कडा छाटून चौकोनी करतो.
गोल भरला तर बूच होऊन निघून येतो,
चौकोनाला धरून ठेवायला कोपरे असतात.
डेल्फीन पाणी उपसते, झाडते,
कडांना चिकट काळं फासते.
ट्रक पिकपिकत मागे येतो
आणि गल्लीभर पडदे सरकतात.

कागदावर प्रत्येक खड्ड्याला क्रमांक.
पुढे लांबी, रुंदी, खोली, तक्रारी किती.
सदतीसपुढे एक ओळ जास्तीची होती:
एका रहिवाशाचं म्हणणं, भरू नये.

त्या दारातच उभ्या. सिग्रून थोरवाल्डसन.
झग्यावर नवऱ्याचा कोट, पायात गमबूट.
म्हणाल्या, ती शाळा बघा समोर.
पाटी तीसची, गाड्या साठच्या.
दोन वर्षं गतिरोधक मागतेय.
अर्ज, पाहणी, मग पाहणीची पाहणी.
शेवटी देवानं हा खड्डा दिला.
तेव्हापासून विसाच्या वर कोणी गेलेलं नाही.
मी मोजते. खिडकीत बसून दुसरं काय करायचं?

ओरेस्टनं टोपी काढून डोकं खाजवलं.
बाई, खड्डा ठेवायचा नियम नाही हो.
नियम मला पाठ आहेत, त्या म्हणाल्या,
मी तुम्हाला नियम विचारत नाहीये.

कोणी बोललं नाही. ट्रकमध्ये माल निवत होता.
मी थांबा धरून उभी, पुढे सात गाड्या.
पहिल्या गाडीतला माणूस मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होता,
जसं काही ते मीच बिघडवलंय.

मग डेल्फीननं फावडं उचललं.
भरला. नीट भरला, कोपऱ्यासकट.
भरल्यावर बोटभर वर ठेवायची रीत आहे,
चाकांखाली दबून बसतं म्हणून.
तिनं चार बोटं ठेवलं.
बेनिग्नोनं वरून रोलर नेला, इतका हलका,
की झोपलेल्या पोराच्या अंगावर गोधडी घालतोय.
ओरेस्टनं कागदावर लिहिलं: सदतीस, पूर्ण.

मी काठी फिरवली.
घड्याळवाला सुसाट सुटला, टेंगळावर आदळला,
डोकं टपाला लागलं असावं.
मागच्या सहा जणांनी ते पाहिलं.

आता ह्याचीही तक्रार येईल,
नवा क्रमांक पडेल: उंचवटा, अमुक बाय तमुक,
आणि कधीतरी दुसरी टोळी येईल खरवडायला.
कधी? मी विचारलं.
यादीत आधी चारशे बारा आहेत, ओरेस्ट म्हणाला.
दरवर्षी तो ह्याच यादीला शिव्या घालतो.
आज त्यानं ती नीट घडी घालून खिशात ठेवली.

आम्ही अडतीसकडे निघालो.
मी मागे वळून पाहिलं:
सिग्रूनबाई खिडकीत बसल्या होत्या,
ओठ हलत होते,
अठरा, सतरा,
अठरा.